एका केसाचा राजा आणि नऊ सबबी

कात्रीकाकांना माणसाशी तोंडावर बोलता येत नसे. पाठीमागून बोलण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. यावरून ते चुगलखोर असतील असं कोणी समजू नये. ते न्हावी होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं आणि डोक्याची मागची बाजू समोर आली, की काकांची जीभ अशी सुटायची की कात्रीला दम लागावा. तेच गिऱ्हाईक संध्याकाळी भाजी घेताना समोरून आलं, की काका मान खाली घालून रस्ता ओलांडायचे. नवीन माणसाला वाटायचं, काय शिष्ट आहे. जुनी माणसं सरळ पाठ फिरवून उभी राहायची आणि विचारायची, "काय काका, कसं काय?" मग उत्तर यायचं, आणि ते लवकर संपायचं नाही. आता दुकानात आरसा असतो, त्यात तोंड दिसतंच, असं कोणी म्हणेल. पण काका आरशात बघतच नसत. आरसा गिऱ्हाइकासाठी असतो, असं त्यांचं मत होतं.

हे दुखणं लहानपणापासूनचं. दुकान वडिलांचं. सहाव्या वर्षापासून काका खुर्चीमागे छोटा आरसा धरून उभे राहायचे, मागचे केस कसे झालेत ते गिऱ्हाइकाला दाखवायला. ज्या वयात बाकीची मुलं माणसं चेहऱ्यावरून ओळखायला शिकतात, त्या वयात काका ती मानेवरून ओळखायला शिकले. शाळेत त्यामुळे गाडं अडलं. नव्यानेच लागलेल्या बाईंनी त्यांना पाढे म्हणायला समोर उभं केलं आणि काकांची दातखीळ बसली. तीन दिवस हाच प्रकार. चौथ्या दिवशी बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "आता म्हण." काकांनी दोनपासून तीसपर्यंत एका दमात म्हटले, आणि शेवटी जोडून सांगितलं, "बाई, तुमच्या अंबाड्याची पिन सुटलीय." त्याच बाई पुढे मुख्याध्यापिका झाल्या, आणि सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणू लागले.

लग्नाचीही तीच कथा. काकू अजून सांगतात, "बसमध्ये मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का. मी मागे वळून हो म्हणाले, तर हा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी हो म्हणून बसले." संसार चांगला झाला. एक मुलगा झाला, तो दुसऱ्या गावी विम्याच्या कंपनीत आहे आणि केस तिकडेच कापून घेतो. हे दुःख काका कोणाजवळ बोलत नाहीत.

दुकानात एक फळी होती. लहान मुलं आली की ती खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची आणि मुलाला वर बसवायचं. मूल फळीवर बसलं की लगेच हलायला लागतं, हा निसर्गाचा नियम आहे, आणि हलणाऱ्या मुलाच्या कानाला कात्री लागते, हा धंद्याचा. म्हणून काकांनी गोष्ट काढली. एक राजा होता, त्याच्या डोक्यावर एकच केस होता. एके दिवशी न्हावी कात्री घेऊन आला, आणि केस घाबरून पळून गेला. न्हावी त्याच्या मागे निघाला.

बस, एवढीच गोष्ट. बाकी नुसती पळापळ. केस कधी सर्कशीत दोरी म्हणून नोकरीला लागायचा, कधी न्यायाधीशाच्या मिशीत भाडेकरू म्हणून राहायचा. केस कापून झाले की गोष्ट ऐन रंगात आलेली असायची, आणि काका कापड झटकून म्हणायचे, "चला, उतरा." पुढचं ऐकायला मूल पुढच्या महिन्यात स्वतःच्या पायांनी यायचं. आयांना वाटायचं, काय जादू आहे या माणसाच्या हातात.

तेव्हा शाळेत चौथीच्या वर्गात दहा मुलं होती. दहाही काकांची गिऱ्हाइकं. प्रत्येकाला गोष्टीचा वेगळा तुकडा मिळायचा, कारण काकांना गोष्ट कुठे थांबली होती ते डोकं बघूनच आठवायचं. डोकं समोर आलं की वहीचं पान उघडल्यासारखं व्हायचं. पण डोकी दहा आणि केस एकच. इथे काकांची गफलत झाली. मंगळवारी तो केस सर्कशीत होता, आणि त्याच मंगळवारी दुसऱ्या डोक्यात तो राणीच्या सूपच्या वाटीत पोहत होता. मुलांनी हे पकडलं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली त्यांनी कोर्ट भरवलं, दहाही जणांच्या साक्षी काढल्या, आणि पोस्टमनची मुलगी, जिला सगळे वकिलीणबाई म्हणायचे, ती केस कापायला आली तेव्हा फळीवर बसल्या बसल्या म्हणाली, "काका, हरकत. एकच केस एकाच दिवशी दोन ठिकाणी. तुम्ही केसाने आमचा गळा कापताय." काकांना पळता भुई थोडी झाली. त्यांनी कसंबसं सांगितलं की वाटीत होता तो त्या केसाचा मावसभाऊ. कोर्टाने हे मान्य केलं नाही, पण हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली, असं कानावर आलं.

मग त्या वर्षी शाळेची सहल ठरली, धरणावर. मोठ्या बाईंनी फर्मान काढलं की सहलीला सगळ्यांनी केस कापून यायचं. शनिवारी दुपारपासून काकांच्या दुकानात नऊ मुलांची रांग. दहावी, औषधवाल्यांची मुलगी, गालगुंड होऊन घरी पडली होती. काका थकलेले. आणि त्या दिवशी प्रत्येक मूल फळीवर बसल्याबरोबर एकच म्हणायला लागलं, "काका, आज शेवट सांगा." एकाने नाही, नऊच्या नऊ जणांनी. काकांकडे शेवट कुठला असायला? त्यांनी तो कधी शोधलाच नव्हता. म्हणून त्यांनी नऊ सबबी सांगितल्या. शेवटचा मुलगा बेकरीवाल्याचा. त्याला न्यायला बेकरीवाला स्वतः आला होता, काकांचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघांच्या दुकानांत भिंत एक. तो दारातून म्हणाला, "सांगून टाक ना रे, पोरगं झोपणार नाही रात्रभर." काका मुलाच्या मानेकडेच बघत म्हणाले, "उद्या परत आल्यावर."

दुसऱ्या दिवशी धरणात वर्गवार होडीची फेरी होती. मोठ्या बाई काठावर उभ्या होत्या. चौथीची पाळी आली, वारा सुटला, आणि चौथीची होडी परत आली नाही.

काकांनी फळी दाराच्या मागे खिळ्याला टांगली. त्यानंतर चौदा वर्षांत त्यांनी कोणाला गोष्ट सांगितली नाही. लहान मुलं आली तर उशी देत आणि हवेबद्दल बोलत. बेकरीवाला दर महिन्याला येत राहिला. खुर्चीत बसायचा, आणि त्या एका डोक्यामागे काकांच्या तोंडाला कुलूप लागायचं. तोही काही बोलत नसे. एक वाक्य, काका मनात म्हणत, एक शेवट सांगितला असता तर माझं काय गेलं असतं? राजाला टोपी घालून दिली असती, झालं. पोरांनी मागितलं आणि मी दिलं नाही, आणि याच्या डोळ्यांदेखत दिलं नाही. याला ते आठवत असणार. आठवत असल्याशिवाय माणूस चौदा वर्षं गप्प बसेल का?

दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये सभा व्हायची. नऊ फोटो, पांढरी फुलं, टकटक करणारा पंखा. नगरपालिकेचे अध्यक्ष उठायचे आणि काळाने घाला घातला असं म्हणायचे. तेरा वर्षांत घाला इतका पाठ झाला होता की अध्यक्षांना शिंक आली तर कोणीही पुढचं वाक्य पुरवलं असतं. मग दोन मिनिटं शांतता, मग चहा आणि बिस्किटं, आणि चहाच्या वेळी सगळे गुडघ्यांबद्दल बोलायचे. मुलांबद्दल कोणी बोलत नसे. फोटोतली मुलं इतकी शहाणी दिसायची की काकांना त्यातलं एकही ओळखू येत नसे.

चौदाव्या वर्षी, सभेच्या पंधरा दिवस आधी, मोठ्या बाई केस कापायला आल्या. आता पंचाहत्तरीच्या, हातात काठी, केस कापसासारखे. काका मागून हवेवर बोलत होते. बाई म्हणाल्या, "यंदा सभेत तू बोल."

"बोलतो की," काका म्हणाले, कारण समोर मान होती.

कापड सोडलं, बाई वळल्या, तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "बाई, मी... ते..." पुढे त त प प. बाईंनी काठी उचलली आणि निघून गेल्या. काकू घरी म्हणाल्या, "पंचाहत्तर वर्षांची बाई आहे, पण वेळ बरोबर साधली."

सभेच्या दिवशी काकूंनी काकांच्या खिशात भाषणाचा कागद घातला. त्याच खिशात कंगवा आणि कात्री होती, ती कायमचीच. अध्यक्षांचा घाला घालून झाला, आणि काकांचं नाव पुकारलं गेलं.

काका माइकसमोर उभे राहिले. समोर सव्वाशे चेहरे. एकही मान नाही. "अ," ते म्हणाले. माइक किंचाळला. काकांनी कागद काढला, तो कागद नव्हता, कंगवा होता. तिसऱ्या रांगेत काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांना वाटलं, सरळ पाठ फिरवावी, जमेल. ते गर्रकन वळले, आणि समोर नऊ फोटो. नऊ चेहरे. पुढे आड, मागे विहीर. सभेचा प्रमुख वक्ता मग जागच्या जागी गोल फिरत राहिला, कंगवा हातात धरून, आणि लोकांना कळेना की ही श्रद्धांजलीच आहे की आणखी काही.

पहिल्या रांगेत काठी वाजली. मोठ्या बाई उठल्या होत्या. "एक खुर्ची आणा," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढ्यात ठेवा. पाठ त्याच्याकडे." पन्नास वर्षांपूर्वीची युक्ती होती, पण बाईंनी ती जपून ठेवली होती. "कोण बसतंय? नाहीतर मी बसते."

बेकरीवाला उठला. "मी बसतो," तो म्हणाला. "माझे तसेही वाढलेत."

आता बेकरीवाल्याच्या डोक्याविषयी सांगायला हवं. वरती सगळं मैदान होतं. फक्त डाव्या कानापासून एक लांबलचक बट निघायची, मैदानावरून आडवी जायची आणि उजव्या कानाजवळ तेलाने चिकटवलेली असायची. काका तिला मनात पूल म्हणायचे. त्यामुळे "वाढलेत" हे ऐकून हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

अध्यक्षांच्या टेबलावरचं कापड ओढलं गेलं. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास वेळेवर उचलला. काकांनी कापड बेकरीवाल्याच्या गळ्याभोवती आवळलं. समोर ओळखीची मान आली.

"पुलाला हात लावू नकोस," बेकरीवाला हळूच म्हणाला. पूल हे नाव त्यालाही माहीत होतं, हे काकांना तेव्हाच कळलं.

"तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही," काका म्हणाले. कात्री वाजली, आणि चौदा वर्षांचं कुलूप निघालं.

"हे फोटो चुकीचे आहेत," काका म्हणाले. सभा चपापली. "म्हणजे पुढून काढलेत. पुढून काय कळतं? मला विचारा. या दोघी जुळ्या बहिणी. पुढून बघितलं तर देवालाही कळायचं नाही कोण कुठली. पण मागे एकीच्या डोक्यातला भोवरा उजवीकडे फिरायचा आणि दुसरीचा डावीकडे. घरी त्यांना फितीच्या रंगावरून ओळखायचे, म्हणून शाळेतून येताना त्या फिती बदलायच्या. मी केस कापून फिती परत जागच्या जागी बांधून पाठवायचो."

जुळ्यांची आई उभी राहिली. "म्हणजे मी चुकत होते?"

"केस कापायचा दिवस सोडून रोज, वहिनी."

"एकीलाच दोनदा औषध पाजलं मी," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. शेजारी काकू होत्या. ती त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली.

मग काकांना कोण थांबवणार? डॉक्टरांचा मुलगा फळीवर बसल्या बसल्या घोरायचा, ते त्यांनी घोरून दाखवलं. एक मुलगा टोपी काढायलाच तयार नसायचा, म्हणून टोपीच्या कडेकडेने कसे कापले, ते सांगितलं. एका मुलीच्या मानेला बोट लागण्याआधीच गुदगुल्या व्हायच्या; तिचे केस कापणं म्हणजे पळत्या सशाचे केस कापणं. एकाच्या केसांत दर महिन्याला चिंगम, आणि दर महिन्याला तो म्हणायचा की वाऱ्याने आलं. त्या मुलाचा बाप, उभ्या आयुष्यात कधी हसताना कोणी न पाहिलेला घड्याळवाला, रुमाल तोंडात कोंबून हलत होता. मागच्या रांगेतले लोक खुर्च्या पुढे ओढू लागले. कोणीतरी म्हणालं, "आमच्या वकिलीणबाईचं सांगा," तो पोस्टमन होता. काकांनी मावसभावाची सबब आणि त्यावरची हरकत सांगितली, आणि त्यासाठी आधी राजा सांगावा लागला, आणि राजा सांगायचा तर केसही पळायला हवा.

"न्हावी आला," काका रंगात येऊन म्हणाले, "आणि केसाने बघितली कात्री. अशी. आणि केस जो सुटला..."

कच्च असा आवाज झाला.

पूल बेकरीवाल्याच्या मांडीवर पडला.

पंखा टकटकत राहिला. कापडाखालून बेकरीवाल्याचा हात बाहेर आला. तो डाव्या कानापासून निघाला, मैदानावरून चाचपडत उजव्या कानापर्यंत गेला, आणि रिकामा परत आला.

"गेला?" तो म्हणाला.

"गेला," काका म्हणाले.

"सगळा?"

"टोकाला थोडा आहे. पण त्याने काही झाकणार नाही."

बेकरीवाल्याचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, रडतोय. मग त्याच्या तोंडून एक आवाज फुटला, आणि तो हसण्याचा होता. त्याच्या मागोमाग हॉल फुटला. अध्यक्ष हसले आणि वाचवलेला ग्लास त्यांच्याच मांडीवर सांडला. मोठ्या बाई काठीवर कपाळ टेकून हसत होत्या. चौदा वर्षं ज्या खोलीत कोणी मोठ्याने श्वास घेतला नव्हता, तिथे माणसं एकमेकांचे दंड धरून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा त्या टकलाकडे बघत होती आणि पुन्हा सुरू होत होती.

त्या हसण्यातच काकांच्या तोंडून ते निघून गेलं. मान समोर होती, जीभ सुटलेली होती. "मी त्यांना शेवट सांगितला नाही," ते म्हणाले. "शनिवारी सगळ्यांनी मागितला. नऊ जणांनी. तू पण म्हणालास, सांगून टाक. मी नाही सांगितला. माझ्याकडे नव्हताच. मी सबबी सांगून पाठवलं त्यांना."

हसणं विरत गेलं. काका त्याच्या मानेकडे बघत राहिले, ती हलतही नव्हती.

"काका, हरकत."

आवाज दाराकडून आला. तिथे एक चोवीस वर्षांची मुलगी उभी होती, केस बारीक कापलेले, खांद्याला पिशवी. काकांनी वर बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी मागे बघितलं, आणि काहींनी लगेच नजर वळवली. औषधवाल्यांची मुलगी. गालगुंडांमुळे वाचलेली. पहिल्या वर्षी ती सभेला आली होती, तेव्हा तिला बघून जुळ्यांची आई बाहेर निघून गेली होती. त्यानंतर ती कधी आली नव्हती. आता ती दुसऱ्या गावात मुलांना पोहायला शिकवायची. काका बोलणार आहेत, एवढंच मोठ्या बाईंनी तिला कार्डावर कळवलं होतं.

"तुमच्याकडे शेवट नाही, हे आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तिने पिशवीतून एक जुनी शंभर पानी वही काढली. "मी कोर्टाची कारकून होते. शुक्रवारी मधल्या सुट्टीत निकाल लागला, तेव्हा माझा गाल दुखायला लागला होता. वाचू?"

कोणी नको म्हणालं नाही.

"निकाल. काकांना गोष्टीचा शेवट येत नाही. पण हे कोणीही त्यांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. उद्या सगळ्यांनी शेवट मागायचा आणि ते काय सबब सांगतात ते बघायचं. सगळ्यात भारी सबब ज्याला मिळेल तो जिंकला. सहलीवरून आल्यावर सबबी कारकुनाकडे लिहायला द्यायच्या." ती थांबली. "खाली मी एक ते नऊ आकडे घालून ठेवलेत. पुढे कोरं आहे. मला कोणी सांगायलाच आलं नाही, काका. कोण जिंकलं ते मला अजून माहीत नाही."

काकांनी कंगवा घट्ट धरला. चौदा वर्षं ते ज्या नऊ वाक्यांची लाज बाळगून होते, ती त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती.

"लिही," ते म्हणाले. मुलगी पुढे येऊन मंचाच्या पायरीवर बसली आणि पेन काढलं. "डॉक्टरांच्या मुलाला म्हणालो, शेवट तू झोपला होतास तेव्हाच सांगितला, आता मी काय करू." एक हुंदका आणि एक हसू एकदमच आलं, ते डॉक्टरांचं होतं. "वकिलीणबाईला म्हणालो, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, मला बोलायला बंदी आहे. जुळ्यांतल्या उजव्या भोवऱ्याला म्हणालो, तुझ्या बहिणीला सांगितलाय, तिला विचार. आणि डाव्या भोवऱ्यालाही तेच."

"म्हणून त्या घरी येईपर्यंत भांडत होत्या," जुळ्यांची आई म्हणाली. "मला वाटलं, फितीवरून." ती उठली, पायरीपाशी आली आणि त्या मुलीच्या शेजारी बसली. "लिही तू. नीट लिही. उजवी आधी."

चिंगमवाल्याला सांगितलं होतं की शेवट चिंगमला चिकटलाय, ओढला तर तुटेल. टोपीवाल्याला, की शेवट टोपी काढूनच ऐकायचा असतो. त्याने थोडा विचार केला आणि टोपी घट्ट केली. गुदगुल्यांच्या मुलीला, की शेवट मानेपाशी सांगावा लागतो; ती खुर्चीवरून उतरून पळाली ती थेट घरी. एक मुलगा वर्गात नवीन होता, त्याचे केस काकांनी त्याआधी एकदाच कापले होते. त्याला म्हणाले होते, नव्या गिऱ्हाइकाला आधी सुरुवात मिळते. प्रत्येक सबबीला हॉलमध्ये एका ठिकाणी हसू उठायचं, आणि तिथे कोण बसलंय ते न बघताही काकांना कळायचं.

"आठ झाल्या," मुलगी म्हणाली.

नववं वाक्य काही काकांच्या तोंडून निघेना. समोर त्या मुलाच्या बापाची मान होती, आता पुरती उघडी.

"मी सांगतो," बेकरीवाला म्हणाला. तो मागे वळला नाही. "दारात मी उभा होतो, पण तू त्याच्या कानात सांगितलंस. घरी येऊन त्याने मला सांगितलं. की शेवट बेकरीच्या पिठात पडला आणि बाबांनी तो पावात भाजून टाकला, कुठल्या तरी पावात सापडेल." त्याने मांडीवरची बट उचलली आणि बोटाभोवती गुंडाळली. "जेवायच्या आधी त्याने चार पाव खाल्ले. एकेक फोडून आत बघायचा आणि हसायचा. इतका हसला की त्याला उचकी लागली. हसत हसतच झोपला तो. मी तुला कधी बोललो नाही, कारण तू माझ्याशी बोलेनासा झालास. मला वाटलं, त्याचं नाव काढलं की तुला त्रास होतो."

"मला वाटलं, तुला," काका म्हणाले.

"तो जिंकला," मुलगी म्हणाली, आणि वहीत नऊ आकड्यापुढे लिहून खाली रेघ मारली. त्यावर कोणाची हरकत आली नाही.

चहा निवून गेला होता. कोणी गुडघ्यांबद्दल बोलत नव्हतं. पोस्टमन आणि घड्याळवाला भांडत होते की मिशी न्यायाधीशाची होती की वकिलाची. बेकरीवाला उठला, कापड झटकलं, आरसा नसल्यामुळे अध्यक्षांच्या चष्म्यात आपलं टक्कल बघितलं आणि म्हणाला, "हे तर बरं दिसतंय. पंधरा वर्षांपूर्वीच का नाही कापलंस?"

खुर्ची रिकामी झाली. पायरीवरची मुलगी उठली आणि तिच्यात येऊन बसली, काकांकडे पाठ करून.

"माझे शनिवारी कापायचे राहिले होते," ती म्हणाली.

काकांनी कापड बांधलं. बारीक केसांमधून डोक्याच्या मधोमध तोच भोवरा दिसला, त्याच्या खाली तोच लहानसा तीळ. पान उघडलं. काकांना सगळं आठवलं, कुठल्या शब्दावर कापड झटकलं होतं तेही.

"तुझा केस टपालपेटीत पडला होता," ते म्हणाले.

"हो. आत अंधार होता. आणि पेटी उघडायला दहा मिनिटं होती."

"दहा मिनिटं झाली," काका म्हणाले, आणि कात्री चालू झाली. "पोस्टमन आला. त्याने खिशातून किल्ली काढली."